बाईंच्या वहीतलं गाव

निवृत्त माणूस म्हटलं की तालुक्याच्या गावात एक ठरलेलं चित्र असतं. सकाळी लवकर फिरून यायचं, देवळाच्या पारावर नाहीतर बँकेच्या पायरीवर बसून पेपर वाचायचा आणि मग दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांना शहाणपणाचे चार बोल सुनवायचे. ही झाली पुरुषांची निवृत्ती. बाई निवृत्त झाली की कुठे दिसते? नातवंडांच्या शाळेच्या फाटकापाशी, नाहीतर अंगणात मेथी निवडताना. पारावर बसून नगरपालिकेबद्दल मत देणारी निवृत्त बाई मी तरी पाहिलेली नाही.

आमच्या गावातल्या बाईही पारावर बसत नाहीत. पण गावच्या राजकारणाबद्दल आणि रोजच्या जगण्याबद्दल त्यांच्याइतका विचार केलेलं दुसरं माणूस इथे नाही, असं मला वाटतं. कॉलेजात त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला. माझं बी.ए. त्यांच्या हाताखाली झालं. पोरं त्यांना मॅडम म्हणायची, आम्ही जुन्या मुली मात्र 'बाई'च म्हणतो. २०१२ साली त्या निवृत्त झाल्या. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "माझं नाव छापलंस तर उद्यापासून पाणी सोडणारा मुलगा मला खरं सांगायचा नाही."

आता हे पाण्याचं काय प्रकरण आहे, ते सांगते.

बाईंच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वरती, एक लांबट वही असते. किराणा दुकानदार उधारी लिहितात ना, तशी, लाल पुठ्ठ्याची. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून त्या रोज रात्री तिच्यात चार-पाच ओळी लिहितात. आज नळ किती वाजता आला, किती मिनिटं चालला. पाणी गढूळ की स्वच्छ. वीज किती वेळ गेली. मेथीची जुडी केवढ्याला, गॅस सिलिंडर किती दिवसांनी आला. गल्लीत कोण वारलं, कुणाला मुलगी झाली, कुणाचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला. कोणत्या नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कुठल्या खांबावर लागला आणि किती दिवसांनी उतरला. आपलं मत त्यात सहसा नसतंच. मी एकदा विचारलं, "बाई, यात इतिहास कुठे आला?" तर म्हणाल्या, "अगं, इतिहास नंतर होतो. आधी नुसती नोंद असते."

मग त्यांनी मला रियासतकार सरदेसाईंची गोष्ट सांगितली. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या महाराजांकडे नोकरीला होते. १९२५ साली निवृत्त झाले, कामशेतला येऊन राहिले, आणि वयाची पासष्टी आलेली असताना पुण्यातल्या पेशवे दप्तरातले कागद निवडायच्या कामाला लागले. त्यातून पंचेचाळीस खंड निघाले. राजवाड्यांनी तर गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरून नि अडगळीतून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा केली. त्यांचेही बावीस खंड आहेत. "एवढ्या कागदांत लढाया आहेत, देणी-घेणी आहेत, वाड्यावरच्या मेजवान्यांच्या याद्या आहेत," बाई म्हणाल्या, "पण मेजवानीसाठी लागलेलं पाणी किती बायकांनी, किती लांबून, किती खेपा करून आणलं ते शोधायला गेलं की डोळे दुखतात. कारण पाणी भरणारीच्या हातात लेखणी नव्हती. आता आपल्या हातात आहे. मग आपण का नाही लिहायचं?"

हे ऐकलं तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. बाई व्याख्यान देत नाहीत. हातात काम असलं तरच बोलतात.

त्यांचा मूळ अभ्यास नगरपालिकांचाच. आपल्या गावाला नगरपालिका कशी आली, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. शाळेत पानिपत शिकतो, प्लासी शिकतो, आणि घरपट्टीची पावती कुठल्या कायद्याने येते ते मात्र माहीत नसतं. बाईंनी ते आम्हा बचत गटाच्या बायकांना एका दुपारी समजावून दिलं. इंग्रजांनी १८५० साली एक कायदा केला. गावातल्या लोकांनी अर्ज केला तर तिथे नगरपालिका नेमायची, कर बसवायचा आणि त्यातून रस्ते, दिवे, साफसफाई करायची. सोलापूर, सातारा, पुणे अशा कितीतरी नगरपालिका त्यानंतरच्या दहा वर्षांतल्या. पुढे १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनने ठराव काढला, की या संस्थांत सरकारी अंमलदारांपेक्षा लोकांनी निवडलेली माणसं जास्त असावीत. लोकांनी म्हणजे पट्टी भरणाऱ्या पुरुषांनी, हे वेगळं सांगायला नको.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते, हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. शाळा काढल्या, हौद खुला केला, एवढंच माहीत. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून त्यांच्या स्वागताला हजार रुपये खर्च करायचे ठरलं, तेव्हा बत्तीस सभासदांत विरोध करणारे एकटे जोतीराव होते. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. मंडईची मोठी इमारत बांधायचं निघालं, तेव्हाही त्यांनी आधी शाळा बघा असंच म्हटलं. मंडई झालीच, आणि पुढे तिला नाव दिलं ते महात्मा फुल्यांचंच! हे सांगताना बाई एवढ्या हसल्या, की मांडीवरचं शेंगांचं सूप खाली सांडलं. "विरोध करणाऱ्याला गप्प करायचा हा फार चांगला मार्ग आहे बघ. त्याचं नाव देऊन टाकायचं."

आमच्या गटातल्या एका भाजीवालीने लगेच विचारलं, "मग आपल्या गावात स्वागताला किती खर्च होतो?" प्रश्न अगदी बरोबर होता. मंत्री येतात तेव्हा रातोरात खड्डे बुजतात, दुभाजकाला रंग लागतो. बाईंच्या वहीत अशा तीन तारखा आहेत. एका ठिकाणी पुढे लिहिलंय : 'रस्ता अकरा दिवस टिकला.'

नावांच्या बाबतीत बाई फार काटेकोर. निवडणूक आली की त्या गावातले फ्लेक्स वाचत फिरतात. सोबत मीही कधीमधी असते. बायकांसाठी राखीव वॉर्डातल्या फ्लेक्सवर उमेदवार बाईचा फोटो असतोच, पण शेजारी तिच्या मिस्टरांचा, तो मात्र जवळजवळ तेवढाच. खाली 'सौ.' अमुक तमुक, आणि कंसात मिस्टरांचं टोपणनाव. कारण लोक ओळखणार ते त्यांनाच. निवडून आल्यावर सह्या ती करते, सभेच्या दाराबाहेर मोटारसायकलवर ते बसतात. आमच्याकडे अशांना 'झेरॉक्स मेंबर' म्हणतात. कुणाची झेरॉक्स कोण, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं.

बाई म्हणतात, नावावरूनच आपला लोकशाहीतला पहिला झगडा झालाय. १९५१-५२ साली देशातली पहिली निवडणूक झाली. मतदार याद्या करायला माणसं घरोघर गेली, तर कितीतरी बायकांनी आपलं नाव सांगायलाच नकार दिला. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? मग लिहिणाऱ्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं लिहून घेतलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते चालवून घेतलं नाही. नाव सांगायला मुदत दिली, तरीही नाव न सांगितलेल्या सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून गळाली. बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश या भागांतल्या. वर्गात हे सांगितलं की मुली हळहळायच्या, काही तर सेन साहेबांवरच चिडायच्या. बाईंचं मत मात्र असं, की सेन यांनी केलं ते बरंच केलं. कारण त्यानंतर बायकांना नावाने लिहून घ्यायला सगळ्यांना भाग पडलं. 'अमक्याची बायको' म्हणून एकदा यादीत जागा दिली असती तर ती सवय मोडायला आणखी पन्नास वर्षं गेली असती.

मला यात त्यांचं सगळंच पटत नाही. अठ्ठावीस लाख बायकांचं एक मत गेलं ते गेलंच, आणि चूक काही त्या बायकांची नव्हती. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. लिहून ठेव." वाद घालायला गेलं की त्या असंच म्हणतात, मग पुढे काय बोलणार!

तर सांगत काय होते, की नावाचा मुद्दा अजून संपलेला नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहायचं ठरवलं; १ मे २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. बाईंच्या घरी कामाला येते तिच्या धाकटीचा दाखला असा आईच्या नावासह आला, तेव्हा बाईंनी त्या दिवशी वहीत तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली. वहीत रेघ ओढलेल्या नोंदी मोजक्याच आहेत.

आता राखीव जागांबद्दल. याविषयी पारावरचे निवृत्त लोक जे बोलतात ते मी इथे लिहिण्याच्या लायकीचं नाही. 'बायकांना काय कळतंय' हा त्याचा गोषवारा. बाईंचं विवेचन वेगळं आहे. त्यांच्या मते आपण अजून वतनदारीतून पुरते बाहेर आलेलो नाही. पाटीलकीची वतनं १९६२च्या कायद्याने गेली, पण वॉर्ड नावाचं नवं वतन तयार झालं. आजोबा मेंबर, मुलगा मेंबर, आता नातू इच्छुक. वतन काही कुणी खुशीने सोडत नाही. १९९३ साली त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. २०११मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. सोडत निघाली आणि वॉर्ड 'महिला' झाला की वतनदाराची पंचाईत. मग वतन तात्पुरतं बायकोच्या नावावर करायचं. पुढच्या सोडतीत पुन्हा आपल्याकडे.

"म्हणजे राखीव जागांचा काही उपयोग नाही, असंच ना?" आमच्या गटातली एक मुलगी म्हणाली. बाई एकदम सरसावून बसल्या. "असं मी म्हटलं का? वतन नावावर केलं की कधीकधी ज्याच्या नावावर करतो तोच मालक होऊन बसतो. इतिहासात असं कितीदा झालंय!" आणि मग त्यांनी आमच्याच गावच्या एका माजी नगरसेविकेचं उदाहरण दिलं. पहिली दोन वर्षं ती डोक्यावरचा पदर सावरत सभेत नुसती बसायची. तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रकाची प्रत घरी नेऊन मुलाकडून वाचून घेतली. महिला-बालकल्याणासाठी वेगळी काढलेली रक्कम कुठे जाते, हे तिने सभेत विचारलं. शिलाई मशीन, हळदीकुंकू आणि एक सहल, असं उत्तर आलं. "सहलीला कोण गेलं होतं?" एवढंच तिने पुढे विचारलं, नि सभागृह शांत झालं. पुढच्या वेळी तिला तिकीट मिळालं नाही, हे ओघानेच आलं.

आणि राखीव जागा नसतानाही बायकांनी हे केलेलं आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं, बायका लाखांनी जमल्या. त्यातून उठलेल्या लाटेत १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये अख्खी ग्रामपंचायतच बायकांची निवडून आली. घटनादुरुस्ती त्यानंतर चार वर्षांनी. बाई तेव्हा नव्याने नोकरीला लागल्या होत्या. स्टाफरूममध्ये या बातमीवर काय काय विनोद झाले ते त्यांना अजून आठवतात, पण ते त्या सांगत नाहीत.

राजकारणातल्या बाईला नावं ठेवायची तर आपल्याकडे एक तयार म्हण आहे, 'ध चा मा'. आमच्याकडच्या एका निवडणुकीत अधिकृत उमेदवार पडला, तेव्हा 'वहिनींनी ध चा मा केला' असं अख्खं गाव बोलत होतं. वहिनी म्हणजे त्याची भावजय. बाईंना ही म्हण ऐकली की राग येतो. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांनी केला, सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या. रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. "मारणारे पुरुष, कट पुरुषांचा, फायदा पुरुषाचा. अडीचशे वर्षं म्हण मात्र आनंदीबाईच्या नावावर चालू आहे. आनंदीबाई काही साधी नव्हती, हे मलाही ठाऊक आहे. पण गावात कुणी पडलं की आधी घरातली बाई शोधायची, ही खोड जुनी आहे, एवढं लक्षात ठेवा." त्या वहिनींनी खरंच काही केलं होतं का, असं मी विचारलं. तर बाई म्हणाल्या, "पुरावा नाही."

गेली काही वर्षं तर आमच्या गावाला मेंबरच नव्हते. आरक्षणाचे खटले कोर्टात, निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या, आणि मुदत संपलेल्या नगरपरिषदांवर प्रशासक बसले. तुमच्याकडेही असंच झालं असेल. कामं काही थांबली नाहीत, असं पुष्कळजण म्हणतात. उलट साहेब बरे, कटकट नाही. बाई यावर अगदी हट्टाने भांडतात. साहेब चांगले होते, हे त्याही मान्य करतात. पण साहेबांची बदली झाली की पुढच्या साहेबांना आपली गल्ली कुठे आहे, हे पहिल्यापासून सांगावं लागतं. मेंबर कितीही वाईट असला तरी त्याला भाजी घ्यायला याच बाजारात यावं लागतं. "रिपनने जे १८८२ साली द्यायचं म्हटलं, ते आपण हातचं सोडून कटकट गेली म्हणून पेढे वाटतोय."

नगराध्यक्ष कुणी निवडायचा याचाही असाच खेळ. २००१ला आपण थेट मत देऊन निवडला. २००६ला म्हणाले, नको, मेंबर निवडतील. २०१६ला परत थेट. २०२०ला परत मेंबरांनी. २०२२ला परत थेट! बाईंनी हे सगळं वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. कुठलंही सरकार आलं तरी आपल्या सोयीचं तेच लोकशाहीचं, हे त्यांचं शेलकं मत. कॉलेजात अशी मतं त्यांनी कधी दिली नाहीत. निवृत्तीचा हा फायदा म्हणायचा.

अखेर २०२५च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. आमच्याकडे २ तारखेला मतदान होतं. एका माणसाला तीन-तीन मतं द्यायची, दोन मेंबरांची आणि एक नगराध्यक्षाचं, त्यामुळे म्हाताऱ्या बायका गोंधळल्या. बटणं कशी दाबायची हे आम्ही बचत गटात पुठ्ठ्याच्या खोक्यावर करून दाखवलं. प्रचारात एका पॅनलची आमच्या चौकात सभा झाली. उमेदवारांच्या बाजूने बोलणारे पुढारी म्हणाले, "आमच्या काळात तुम्हाला दिवसाआड पाणी मिळत होतं की नाही, माता-भगिनींनो?" माता-भगिनींनी नेहमीप्रमाणे मान हलवली. बाई खुर्चीवरून उठल्या. वही पिशवीतून काढली. त्यांनी आवाज चढवला नाही, आरोपही केला नाही, फक्त त्या काळातल्या एका उन्हाळ्याचा एक महिना वाचून दाखवला. तारीख, वेळ, मिनिटं. चार दिवसांनी. पाच दिवसांनी. पहाटे पावणेतीनला, सतरा मिनिटं. गढूळ. सहा दिवसांनी. मोटार लावणाऱ्यांनी ओढल्यामुळे शेवटच्या चार घरांना नाही.

महिना वाचून संपेपर्यंत कुणी बोललं नाही. पहाटे पावणेतीनला उठून हंडे लावलेल्या बायका तिथे बसलेल्याच होत्या. त्यांना ती रात्र आठवली असणार. पुढारी हुशार, ते म्हणाले, "बाई आमच्या गुरू आहेत, त्यांच्या सूचना आम्ही घेऊ." खुर्च्या आवरताना एक कार्यकर्ता माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, बाईंना सांगा, वय झालंय, थंडीचं बाहेर पडू नये." मी बाईंना हे सांगितलं. वहीत त्या दिवशी ही ओळही आहे.

याच निवडणुकीत आम्ही बायकांनी दुसरी एक मागणी लावून धरली होती, बाजारातल्या मुतारीची. हे लिहायलाही आपल्याला संकोच वाटतो, आणि म्हणूनच ती होत नाही. आमचा आठवडी बाजार मंगळवारी. आजूबाजूच्या खेड्यांतून भाजी, कोंबड्या, मडकी घेऊन बायका पहाटे येतात, संध्याकाळी जातात. दिवसभर त्यांना जायला जागा नाही. मग त्या पाणी पीत नाहीत. आमच्या गटातल्या तिघींना लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि वर 'भरपूर पाणी प्या' म्हणून सांगितलं. पिऊन जायचं कुठे? मुंबईत २०११पासून 'राइट टू पी' नावाने बायकांनी याच प्रश्नावर चळवळ केली, महापालिकेला धारेवर धरलं. मुंबईला जे मागावं लागतं, ते आमच्या गावाला आपोआप मिळेल कसं?

आम्ही अर्ज देणार होतो. बाई म्हणाल्या, थांबा जरा. त्यांनी पीएच.डी.च्या वेळी केलेली टिपणं कपाटातून काढली. नगरपालिकेची जुनी प्रोसिडिंग बुकं त्यांनी तेव्हा पानन् पान वाचली होती. स्वातंत्र्याच्या आधीच्या एका सभेचा वृत्तांत त्यात निघाला : बाजारात येणाऱ्या स्त्रियांच्या सोयीसाठी आडोसा व मुतारी बांधण्यात यावी, ठराव सर्वानुमते मंजूर. त्या सभेत एकही बाई नव्हती, तरी ठराव झाला होता! बांधकाम झाल्याची नोंद पुढे कुठेच नाही.

अर्जाचं कामच सोपं झालं. आम्ही नवीन मागणी केलीच नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. सदर ठरावाची अंमलबजावणी कोणत्या तारखेस झाली, कळवावे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकोणतिसाव्या दिवशी आलं : जुने दप्तर उपलब्ध नाही. दप्तर कुठे गेलं, हे शोधायला बाई स्वतः पालिकेत गेल्या. जिन्याखाली, तुटक्या खुर्च्यांच्या मागे गठ्ठे होते. ओल लागलेली, उंदरांनी कोपरे खाल्लेली बुकं. रद्दीत काढायची यादी तयार होत होती. बाईंनी तिथेच स्टूल मागून घेतलं आणि बसल्या. पाणी मागितलं नाही, कारण पालिकेच्या इमारतीतही बायकांची सोय कुलूपबंद असते आणि किल्ली कुणाकडे असते ते कुणालाच माहीत नसतं.

त्या आठवड्यात आम्ही आठजणी आळीपाळीने जाऊन गठ्ठे झटकले. उन्हात ठेवले, कोरड्या कापडाने पुसले, सालवार लावले. मुख्याधिकाऱ्यांनी एक पत्र्याचं कपाट दिलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. बुकांत जे सापडलं त्यावर बाई आता लिहिणार आहेत. दिवाबत्तीच्या रॉकेलचे हिशोब, प्लेगच्या वर्षी गाव सोडून माळावर राहायला गेलेल्यांच्या झोपड्या, एका विधवा बाईने घरपट्टी माफ करावी म्हणून केलेला अर्ज आणि खाली अंगठा. मोडी अक्षर बाईंना वाचता येतं, आम्हाला येत नाही. आता दर रविवारी चौघीजणी त्यांच्याकडे मोडी शिकायला बसतात. त्यातली एक मंगळवारच्या बाजारात मिरच्या विकते.

मधेच एक सांगायचं राहिलं. 'लाडकी बहीण'चे पंधराशे रुपये ऑगस्ट २०२४पासून खात्यावर यायला लागले, त्यावर बाईंचं काय मत, असं मला पुष्कळजणी विचारतात. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यावर आले, ही नोंद मोठी आहे, असं त्यांचं म्हणणं. पण त्याच महिन्याचं पान उघडून दाखवतात. नळाला पाणी नाही म्हणून घेतलेले जार, दर, बेरीज. आणि वही मिटतात.

बाईंची वही आता एकटीची राहिलेली नाही. बचत गटातल्या दहाजणींनी आपापल्या गल्लीत तशीच वही सुरू केलीय. दोन महिन्यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या तर आमच्या गल्लीत सरासरी वीस मिनिटं पाणी आणि पलीकडच्या गल्लीत पाऊण तास. पलीकडे एका मेंबरांचं घर आहे. आमच्यातल्या दोघी लगेच मोर्चा काढायला निघाल्या. बाईंनी थांबवलं. ती गल्ली उताराला आहे, टाकी वर आहे, त्यामुळेही असेल. पाइप किती इंची आहे ते बघा, पावसाळ्याच्याही नोंदी येऊ देत, मग बोलू. मोर्चावाल्या जरा हिरमुसल्या, पण पाइप बघायला गेल्या. आमच्याकडे दोन इंची, पलीकडे तीन.

मुतारीचा विषय नव्या बॉडीच्या विषयपत्रिकेवर आला. पैशाला कुणाचाच विरोध नव्हता. जागेला सगळ्यांचा होता. माझ्या गाळ्यासमोर नको, देवळाच्या बाजूला नको, स्टँडकडून दिसेल अशी नको. शेवटी मटण मार्केटच्या मागची भिंत ठरली. बाजारातल्या बायकांनी ती जागा पाहिली आणि तिथे संध्याकाळी अंधार असतो, दिवा पाहिजे, असं सांगितलं. दिव्याचा वेगळा ठराव लागेल म्हणे. गेल्या मंगळवारी जागेवर फक्की मारून झाली. बाई बघायला गेल्या होत्या. त्यांच्या वहीत त्या तारखेला लिहिलंय : 'फक्की मारली. लांबी चौदा पावलं. खड्डा नाही. मेथी पंधरा रुपये. नळ आला नाही.'